जुना संगणक, नवी तबकडी

जुना संगणक चालतो, जागा मात्र पुरेना. म्हणून गृहस्थ नवी हार्ड डिस्क आणतो. २००३ सालानंतर रूढ झालेल्या साटा तबकडीला जुन्या यंत्रांतील ४० पिनांची आयडीई जोडणी बसत नाहीं. ही अडचण लहानसें अ‍ॅडॉप्टर दूर करतें. खरा धोका निराळाच आहे.

जुन्या यंत्रांत तबकडीवरील प्रत्येक ५१२ बाइटांच्या खंडाचा पत्ता २८ बिटांत लिहिला जाई; त्यामुळें सुमारें १३७ अब्ज बाइटांपलीकडे पोहोंचतां येत नसे. २००२ सालच्या एटीए-६ प्रमाणानें ४८ बिटांचा पत्ता दिला. परंतु जुनी प्रणाली तो न जाणतां मोठ्या तबकडीवर लिहूं लागली, तर मर्यादेपलीकडचा मजकूर फिरून आरंभींच्याच मजकुरावर पडूं शकतो, आणि घरचीं छायाचित्रें पुसलीं जातात. श्रोत्यांनीं म्हणून आधीं प्रत काढावी, मगच तबकडी जोडावी.