फुकटची फ्लॉपी



सुरुवातीची ई-मेल फक्त साधी अक्षरेच बिनधोक वाहून नेई. प्रोग्रामची फाइल तीतून पाठवली तर बिघडे. यावर १९८० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी ‘यूयूएनकोड’ ही युक्ती काढली. फाइलचे तीन बाइट, म्हणजे चोवीस बिट, घ्यायचे; त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडून प्रत्येक गटासाठी छापता येणारे एक चिन्ह लिहायचे. तिनाचे चार झाल्याने फाइल तिसऱ्या हिश्श्याने फुगे. (टेलिफोनचे बिल भरणाऱ्यालाच ते कळे!) पुढे घरगुती संगणकवाल्यांनीही ही रीत उचलली. मिळालेला मजकूर माणसाला अगम्य. उलट क्रिया केली की मूळ फाइल जशीच्या तशी हाती येई.

पण ज्याच्याकडे मोडेमच नाही, त्याने काय करावे? म्हणून मला अमेरिकेतील फ्रेड फिश यांचे काम अधिक मोलाचे वाटते. अमिगा संगणकासाठी लोकांनी मुक्तपणे वाटायला दिलेले प्रोग्राम त्यांनी १९९४ पर्यंत सुमारे अकराशे फ्लॉपींवर गोळा केले. फ्लॉपीची प्रत काढून मित्राला देण्यास मोकळीक होती. कित्येक प्रोग्रामांसोबत त्यांचा मूळ सोर्स कोडही असे. तो उघडून, एखादी ओळ बदलून, काय होते ते गरिबाघरचा मुलगाही पाहू शके.