ओवी लिहिणारा इंग्रज

वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा अंमल होता, त्या काळी गोव्यात एक इंग्रज मराठी ओव्या रचत होता. फादर थॉमस स्टीफन्स! एप्रिल 1579 मध्ये त्यांनी लिस्बन सोडलं, ऑक्टोबरात गोवा गाठला, आणि मायदेशी ते परतलेच नाहीत. पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काय, या निकडीतून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मलं. जवळपास अकरा हजार ओव्या! 1616 मध्ये ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. कथा बायबलची, घाट मात्र अस्सल आपल्या पुराणाचा. पुढे बायबल सुबोध मराठीत आणलं ते वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते.