आपल्याच पायांनी येणारा रोग



मी सातवी शिकलेली. चुकले तर पोटात घाला.

आपल्या गावाने चराईबंदी केव्हाच स्वीकारली. गुरे दावणीलाच, मग लाळ्या-खुरकूत येतेच कशी? आमच्याकडे ती मीच आणली! शेजारच्या आजारी गाईचे खूर धुवायला गेले आणि त्याच साडीनिशी, त्याच चपलांनी येऊन धार काढली. चार दिवसांत आमची गाय लाळ गाळू लागली. ती उठली, पण तिला पिणारे वासरू एकाएकी गेले. लहान वासरांत हा रोग काळजाला भिडतो, असे डॉक्टर म्हणाले.

लाळेत, दुधात, शेणात, श्वासातही त्याचे विषाणू असतात. तेही लाळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून. म्हणून बाजारची म्हैस किंवा ऊसतोडीहून परतलेले बैल धडधाकट दिसले, तरी तीन आठवडे वेगळे बांधावेत. पाण्याची बादलीही वेगळी.

२०१९ पासून सरकारी मोहिमेत लस फुकट मिळते. दर सहा महिन्यांनी ती टोचून घ्यावी लागते. ‘दूध आटते’ म्हणून आपणच गाय मागे घेतो. अहो, एकदोन दिवस थोडे कमी होते, इतकेच!

धुण्याचा सोडा तर घरातच असतो. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. मी आता गोठ्याच्या दाराशी त्यात भिजवलेले पोते ठेवते. पाहुणा असो की घरधनी, त्यावर पाय देऊनच आत.