घरच्या आठवणीचं साहित्य कधी होतं?



१७२९ साली याच पन्हाळ्यात मोरोपंतांचा जन्म झाला. पराडकर घराणं मूळचं कोकणातलं. पंतांनी अख्खं महाभारत आर्येत बांधलं, रामायणं शंभरावर रचली. पण त्यांचं पन्हाळ्यातलं बालपण त्या काव्यात शोधू गेलं, तर हाती फारसं लागत नाही. ‘केकावली’त ते जीव ओतून बोलतात, तेही देवाशी. तुकोबांनी त्याआधीच दुष्काळ, निघालेलं दिवाळं, अन्नावाचून गेलेली बायको अभंगात सांगितली होती. पंडिती काव्यात मात्र घरच्या गोष्टींना फारशी जागा नव्हती.

ती जागा ज्यांनी हक्कानं घेतली, त्यांतले एक आपल्याच जिल्ह्यातले, कागलचे आनंद यादव. जन्म १९३५चा, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातला. त्यांची आत्मकथनपर ‘झोंबी’ तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. पोर शाळेसाठी जिवाचा आकांत करतं आणि बाप त्याला मळ्यातल्या कामाला जुंपतो. १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

पण सोसलेलं सगळेच आठवतात, लेखक सगळे होत नाहीत. ‘झोंबी’ आली १९८७ साली, यादवांच्या पन्नाशीनंतर. त्याच मातीवर ते कितीतरी आधीपासून लिहीत होते. ‘हिरवे जग’मधल्या कविता झाल्या, ‘मातीखालची माती’ झाली, १९७१ साली ‘गोतावळा’ आली. त्यात मळ्यावरचा गडी नारबा आपल्या बोलीत बोलतो. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरं जातात आणि त्या जनावरांनाच गणगोत मानणारा नारबा पोरका होतो. मला वाटतं, दुसऱ्याच्या जिवात असं शिरायची सवय जडली, म्हणूनच पुढं स्वतःचं सांगताना यादवांना बापाची बाजूही दिसली. ‘झोंबी’तला बाप मारतो, शिव्या देतो, पण तो नुसता खलपुरुष राहत नाही. मालकाचा वाटा, कर्ज आणि खाणारी तोंडं यांच्या चरकात तोही पिळून निघतो. हाताशी आलेलं पोर शाळेला देणं त्याला परवडत नाही. हे समजून लिहिलं, म्हणून एका घराची हकिकत हजारो कुळांची झाली.

१९७८च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी निराळी वाट काढली. तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, सांगणाराही तोच, ऐकणाराही तोच. स्वतःकडं असं लांबून पाहिल्यामुळं समाजाचा अन्याय जितक्या स्पष्टपणे सांगता आला, तितक्याच स्पष्टपणे स्वतःचं दुबळेपणही सांगता आलं.

म्हणून मी म्हणतो, आठवण ताजी असून भागत नाही, ती न्यायी व्हावी लागते. ज्यानं आपल्याला दुखावलं त्याचंही म्हणणं ज्या पानावर उमटतं, ते पान टिकतं.

इथं बसलेल्या तरुणांना एवढीच विनंती आहे. घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्यापाशी बसा. जमीन कुणाची होती, लग्नाला कर्ज किती काढलं, शाळा कुणाची आणि का सुटली, हे विचारा. त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न सुधारता वहीत उतरवा. पुस्तक पुढं होईल न होईल. ती वही मात्र या उन्हाळ्यातच सुरू करा.