ताडी, मोहाची आणि सरकारमान्य बाटली

(तालुका शिबिरात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यावर वाचून दाखवावं.)



काल दिवसभर प्लॉटवर बोलणं झालं. आज दारूवर बोलायचं आहे. हा विषय निघाला की बाप्ये हसतात आणि बाया गप्प होतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही आधी भाषण लिहिलं नाही. आधी पाड्यापाड्यावर फिरलो आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय प्यायला आवडतं? कधी आवडतं? कोणाबरोबर? उपदेश केला नाही. उपदेश करणारे जीपमधून पुष्कळ येऊन गेले. "आदिवासी पितो म्हणून गरीब आहे" असं सांगून गेले. संध्याकाळी ते स्वतः काय पितात ते आपल्याला कोणी विचारू दिलं नाही.

तर लोकांनी काय सांगितलं ते आधी ऐका.

सगळ्यात जास्त नाव निघालं ताडीचं. दिवाळी झाली, भात झोडून कणगीत पडलं, की ताड उतरायला लागतो तो उन्हाळा सरेपर्यंत. बाया म्हणाल्या, आम्हाला सकाळची आवडते, गोड, उतरवल्या उतरवल्या. राबाच्या कामाला जाताना पोटाला थंडावा. म्हातारे म्हणाले, सकाळची ताडी म्हणजे पोरांचं पाणी, आम्हाला दुपार कलल्यावरची, चांगली आंबट झालेली. एकाच झाडाची, एकाच दिवसाची, पण आवड वेगळी. ज्याला झाडावर चढता येतं त्याचा मान वेगळाच. खुंट्या ठेवलेला बांबू ताडाला बांधून पहाटे वर जायचं, मडकं उतरवायचं, कोयत्याने पुन्हा नवा छेद द्यायचा. पाय घसरला तर संपलं. जुने लोक ताडी वाळलेल्या भोपळ्यात ठेवायचे. तारपाही भोपळ्याचाच.

शिंदीचं नाव थंडीत निघतं. शिंदी ताडापेक्षा पातळ आणि हलकी, थंडी जास्त तेवढी गोडी जास्त असं लोक सांगतात. किनाऱ्याकडच्या गावांत माडाची माडी आहे.

मग मोहाची. होळीच्या आगेमागे मोह गळायला लागतो. फूल रात्री गळतं, म्हणून बाया आणि पोरं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. गुरं आणि रानडुकरं यायच्या आत वेचावं लागतं. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. मोह म्हणजे दारू नाही. मोह आधी अन्न आहे. आपल्या आज्यांनी श्रावण-भादव्यात कणगी रिकामी झाली की वाळवलेला मोह उकडून पोरांना घातला आहे. कोवळ्या दोड्यांची भाजी होते, बियांचं तेल निघतं. जे उरेल ते भिजवून, आंबवून, त्याची वाफ थंड करून मोहाची काढतात. पहिल्या धारेची सगळ्यात कडक. ती लग्नात आणि देवाला.

कधी पितात? पोर जन्मलं, पाचवीला. मुलगी मागायला गेले आणि जमलं, तेव्हा. लग्नात तर आहेच. धवलेरी चौकापुढे गाते, पालघट देवी मांडलेली असते, तिला दिल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. नवं भात खाताना कणसरीला. वाघबारशीला वाघ्याला. तारपा रात्रभर चालतो तेव्हा. आणि माणूस गेलं की त्याच्या दिवसाला. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत ती आपल्या बरोबर आहे. हे लपवायचं कारण नाही.

पण हेही बघा. या सगळ्या वेळांना नियम आहेत. पहिली धार जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. मग म्हाताऱ्यांना. पानाच्या दोन्यात, बसून, माणसांत. आवणीच्या चिखलात कोणी प्यायला बसत नव्हतं, बसला तर त्याची बायको नाही, सगळा पाडा बोलायचा. झाडाचा हंगाम संपला की पिणंही संपायचं. आणि पैसा कुठेच नव्हता.

एका म्हातारीने आम्हाला सांगितलं, "पोरांनो, आम्ही सणाला प्यायचो, आता बाप्ये प्यायचे म्हणून सण शोधतात." ती हसून बोलली, पण आम्ही हसलो नाही.

हे बदललं कसं? आपोआप नाही बदललं. 1878 साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा झाली. दारू गाळायचा मक्ता मोठ्या ठेकेदारांना गेला आणि गावोगाव त्यांचे गुत्ते उघडले. ताडाच्या झाडावर कर बसला. जे झाड आज्याने राखलं त्यावर चढायला परवाना लागायला लागला. तरी लोक मोहाची गाळतच होते, म्हणून 1892 साली मोहफुलांवरच कायदा केला. तो खास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यासाठी आणि शेजारच्या कुलाब्यासाठी. फूल गोळा करायला, बाळगायला बंधनं. दुष्काळात पोरं जगवणारं फूल टोपलीत असलं तर गुन्हा. का? तर सरकारचा महसूल बुडू नये म्हणून.

मग गुत्त्यावर जायचं. तिथे रोख लागते. रोख नाही तर उधारी. उधारीला अंगठा. अंगठ्याला जमीन. गुत्तेदार आणि जमीनदार कितीतरी ठिकाणी एकच माणूस होता. ज्या जमिनींसाठी आपण आज भांडतो त्यातल्या किती या रस्त्याने गेल्या, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हणून आम्ही सांगतो, दारूचा प्रश्न हा जमिनीच्या प्रश्नाच्या शेजारचा प्रश्न नाही. तो त्याच प्रश्नाचा तुकडा आहे.

आपले लोक गप्प बसले होते असंही नाही. 1922 साली देवीची चळवळ उठली. पालघर किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून निघून, डोंगरपट्टीतून फिरत ती सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. अंगात देवी यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा. हजारो आदिवासींनी सोडली. दारू सोडताना त्यांनी गुत्तेदाराकडे जाणं सोडलं, कित्येक ठिकाणी त्याच्या शेतावर मजुरीला जाणंही सोडलं. गुत्ते ओस पडले, तेव्हा त्या मालकांना घाम फुटला. पण पुढे गुजरातेत गावं फुटली. सोडलेले आणि पिणारे असे दोन तट झाले, सोडलेले स्वतःला शुद्ध समजायला लागले. यातून एवढं शिकायचं की दारू सोडणारा मोठा आणि पिणारा नीच, असं आपसात केलं की फायदा मालकाचाच होतो.

1945 साली वारली लोक लाल बावट्याखाली उठले. गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यावर फिरल्या. वेठ मोडली, लग्नगडी मोकळे झाले. ते उठले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, शुद्ध आणि एकी एवढंच होतं. आणि तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला 1972 च्या सुमाराला भूमिहीन भिल्लांची चळवळ झाली. तिथे जमिनीच्या मोर्च्यात आलेल्या बायाच पुढे निघाल्या आणि त्यांनी दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली. त्यांना कोणा पुढाऱ्याने सांगितलं नव्हतं. घरी मार खाणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

आता आजचं बघू. 1949 चा दारूबंदी कायदा आहे. नाव दारूबंदी, पण नाक्यावर पाटी काय आहे? "सरकारमान्य देशी दारूचे दुकान." बाटली सरकारमान्य आणि टोपलीतली मोहफुलं बेकायदा होती. त्याच कायद्याखाली 2021 पर्यंत मोहफुलं बाळगायला, न्यायला, विकायला बंधनं होती. आमच्याच भागातल्या एका पाड्यावर लग्नघरात फुलं सापडली म्हणून बाईला दिवसभर बसवून ठेवलं आणि पैसे घेऊन सोडलं. त्याच दिवशी नाक्यावरचं दुकान रात्रीपर्यंत उघडं होतं. सत्तरच्या दशकात केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं होतं की आदिवासी भागातली ठेकेदारी दारू बंद करा आणि घरच्या, देवाच्या वापरापुरती लोकांना मोकळीक द्या. आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे.

बाटलीला हंगाम नाही. तिला पहिली धार जमिनीवर सोडत नाहीत. ती एकट्याने, उभ्याने, रोज, मजुरीच्या पैशाने पिता येते. निवडणुकीच्या आदल्या रात्री ती फुकट येते. आणि पंचनाम्याच्या दिवशीही येते. हे आम्ही पाहिलं आहे. प्लॉट बघायला साहेब येणार, तर आदल्या संध्याकाळी कोणीतरी पाड्यावर बाटल्या ठेवून जायचा. सकाळी साहेब विचारायचा, किती सालापासून कसता? 1978 च्या आधीपासून की नंतर? सरकारच्या निर्णयात 31 मार्च 1978 ची तारीख होती, त्यावर सगळं अवलंबून होतं. आणि ज्या म्हाताऱ्याला सगळं आठवायचं, ज्याने ते रान स्वतः साफ केलं, त्याची जीभ वळायची नाही. साहेब लिहायचा, पुरावा नाही. एका रात्रीत कित्येक वर्षांची शेती कागदावरून पुसली जायची.

आता कोणी म्हणेल, मग बाटली वाईट, आपली मोहाची चांगली. तसंही नाही. आपल्या मोहाचीने मारलेल्या बाया आहेत इथे बसलेल्या. आणि विकायला गाळतात ती मोहाची उरलीच कुठे? काळा गूळ आणि नवसागर. ती आपल्या देवाचीही नाही आणि पोटाचीही नाही.

पण भट्टी लावते कोण, हेही बघा. पुष्कळदा विधवा बाई असते, जिचा प्लॉट दिराने घेतला. तिचं मडकं फोडणं सोपं आहे. फोडल्यावर तिच्या पोरांनी काय खायचं ते सांगणं अवघड आहे. तिला आधी काम पाहिजे. 1977 चा रोजगार हमीचा कायदा आहे, काम मागायचा हक्क आहे. तिचा अर्ज गावाने भरावा, प्लॉटमधला तिचा वाटा गावाने मिळवून द्यावा, मग तिला भट्टी बंद कर म्हणावं.

1993 साली गडचिरोलीत लोकांनी लढून जिल्ह्याची दारूबंदी मिळवली. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा गावाने सगळ्यांनी बसून, एकमत होईपर्यंत बोलून आपले निर्णय घ्यायची रीत पाडली. आपल्याला बाहेरून लादलेली बंदी नको आणि लादलेलं दुकानही नको. ठरवायचं ते गावाने. आणि आता कायदाही तसं म्हणतो. डिसेंबर 1996 मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी केंद्राचा कायदा झाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा त्यात येतात. नशेच्या पदार्थांची विक्री आणि वापर बंद करायचा किंवा त्यावर नियम घालायचा अधिकार, आणि गौण वनउपजाची मालकी, हे दोन्ही ग्रामसभेला आणि पंचायतीला असावं असं त्यात लिहिलं आहे. दारू आणि मोह एकाच कलमात शेजारी शेजारी. ज्याचं झाड त्याने ठरवावं, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नंतर, आधी आपल्या गावसभांकडे. येत्या होळीच्या आत प्रत्येक पाड्याने बसून यावर बोलावं:

एक. पंचनामा, मोजणी, कोर्टाची तारीख, मोर्चा आणि गावसभा, या दिवशी आणि आदल्या रात्री कोणी थेंब घेणार नाही. बाटल्या वाटणारा आला तर त्याला पाड्यावरच बसवून ठेवायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, कोणी पाठवलं?

दोन. आपापल्या प्लॉटवरचे मोह, ताड, शिंदी मोजा. किती जुने, कोणी राखले, म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा. पंचनाम्यात झाडं नोंदवायला लावा. राखलेलं झाड हाही आपल्या कसण्याचा पुरावा आहे, असं ठासून सांगा.

तीन. मोहफुलं चैत्रात व्यापाऱ्याला मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या बदल्यात देऊ नका. पावसाळ्यात तोच ती आपल्यालाच महाग विकतो. गावाने एकत्र वाळवून ठेवा. आधी घरचं खाणं, मग बाकी.

चार. लग्नाला, दिवसाला, देवाला किती आणि कोणती, ते गावाने ठरवावं. मांडवात बाटली नको. ज्याला परवडत नाही त्याने लग्नाच्या दारूसाठी कर्ज काढायचं नाही, आणि त्याला कोणी हसायचं नाही.

पाच. नाक्यावरच्या दुकानाबद्दल ठराव करायचा आहे. त्यावर आधी बायांची वेगळी बैठक होईल. त्या काय म्हणतात ते ऐकून मगच बाप्यांनी बोलायचं.

सहा. दारू पिऊन बायकोवर हात उचलणाऱ्याला गावसभेत उभं करायचं. दंड दारूत घ्यायची जुनी रीत आजपासून बंद. दंड भातात घ्यायचा आणि तो त्या बाईच्या कणगीत टाकायचा.

शेवटी एवढंच. फिरताना एका बाबाने आम्हाला विचारलं, "म्हणजे आमची संध्याकाळची ताडी बंद करायला आलात का?" नाही बाबा. तुमचा ताड तुमच्या नावावर लावून द्यायला आलो आहोत. झाड तुमचं झालं, जमीन तुमची झाली, तर संध्याकाळी खाटेवर बसून आंबट ताडी घ्या, आम्हालाही बोलवा. पण पंचनाम्याच्या सकाळी सगळ्यांच्या आधी उभे राहा आणि साल सांगा.

जंगल जमीन आमच्या हक्काची! गावसभा जिंदाबाद!