पेठांतला एक दिवस
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सहलीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते, नाहीतर काशी. माझी सहल मात्र रिक्षाच्या भाड्यात झाली. जानेवारी २०२४ मध्ये मी सासूबाईंना घेऊन पुण्याच्या जुन्या पेठा पाहावयास गेले.

त्या मला म्हणाल्या, "लग्न होऊन पुण्यात आले त्याला पन्नासांवर वर्षं झाली. मंडईत भाजी घेतली, तुळशीबागेत भांडी घेतली. आता आणखी काय बघायचं गं?" खरेच आहे. आपण बायका पिशवी घेऊन जातो, पिशवी भरून परत येतो. मान वर करून पाहावयास सवड कोणाला असते?

प्रथम कसब्यात जाऊन ग्रामदैवत गणपतीचे दर्शन घेतले. जवळच लाल महाल. शिवाजीमहाराजांचे बालपण जेथे गेले तो मूळ वाडा आज उरलेला नाही. आताची वास्तू पुष्कळ अलीकडची. मग शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला, आणि १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले. दिल्ली दरवाज्यावरचे ते टोकदार खिळे हत्तींच्या धडकेसाठी, असे मी सांगितले. आतली मोकळी जोती पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या वाड्याचं एवढंच राहिलं!"

तेथून बुधवारात आलो. मला त्यांना भिडेवाडा दाखवावयाचा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तेथे. सावित्रीबाई शिकवावयास निघाल्या की लोक अंगावर शेणमाती टाकीत, हे आपण सर्वजणी ऐकून आहोत.

पण वाडा तेथे नव्हता! राष्ट्रीय स्मारक करावयाचे म्हणून तो मोडकळीस आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला होता. समोर दगडूशेठ गणपतीला दर्शनाची गर्दी, आणि इकडे नुसती रिकामी जागा. भगिनींनो, मला माझीच लाज वाटली. भांडी घ्यावयास शंभर वेळा त्या रस्त्याने गेले, पण सासूबाईंना घेऊन एकदाही थांबले नाही.

सासूबाईंनी मात्र चपला काढल्या आणि त्या रिकाम्या जागेला हात जोडले. मग हळूच म्हणाल्या, "माझा जन्म अठ्ठेचाळीसचा. म्हणजे ही शाळा निघाल्यावर शंभर वर्षांनी मी जन्मले, तरी मला चौथीतून काढलं. धाकटा भाऊ सांभाळायला घरी कोणी नव्हतं."

इतकी वर्षे एका स्वयंपाकघरात वावरलो, पण हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

तुळशीबागेत रामाचे दर्शन घेतले, विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकडी खांब पाहिले आणि लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेशी आलो. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागी १८८४ साली निघालेली ही मुलींची शाळा. शाळा नुकतीच सुटली होती. सासूबाईंनी एका मुलीला थांबवून विचारले, "कितवीत गं तू?" ती म्हणाली, "नववीत, आजी." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे सेवासदन लागले. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात त्याची सुरुवात केली. लहानपणी शिकता आले नाही अशा मोठ्या बायकांसाठीही तेथे वर्ग चालत, असे मी सांगितले. सासूबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर जुळवीत वाचू लागल्या. मी घाई केली नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मोठ्या बायकांना शिकवायचे? मग आता आपल्याकडे का नाही?"

भगिनींनो, याचे उत्तर मजपाशी नव्हते, म्हणून तो प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे. आपले सभागृह दुपारी रिकामेच असते. दर गुरुवारी तीन ते चार वाचनाचा वर्ग घ्यावा, अशी माझी सूचना आहे. शिकविण्याचे काम मी करीन. घरातील वडीलधाऱ्या बायकांना घेऊन यावे, आणि आणण्यापूर्वी त्यांची शाळा कितवीत सुटली ते एकदा विचारावे. वहीत पहिले नाव आले आहे. माझ्या सासूबाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहिले आहे.