लहान मालकाची हमी

ब्रिटनमधल्या एखाद्या लहानशा कंपनीकडून नोकरीचे पत्र आले की येथला राजीनामा लिहावयास बसणारे तरुण मी वरचेवर पाहतो. अशांना माझे पहिले सांगणे असे की, पत्र धाडणाऱ्या मालकापाशी परदेशी माणूस कामावर ठेवण्याचा तेथील गृहखात्याचा परवाना, म्हणजेच स्पॉन्सर लायसन्स, आहे किंवा नाही याची खातरजमा झाल्यावाचून त्या पत्रास फारसे मोल नाही. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारने इंटरनेटवर सर्वांस खुली ठेवलेली आहे. मात्र लहान धंद्यांत पाटीवर एक नाव आणि कंपनीच्या नोंदणीत दुसरेच, असा प्रकार सर्रास आढळत असल्यामुळे, पाटीवरचे नाव यादीत नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये, किंवा त्यासारखे एखादे सापडले म्हणून हुरळूनही जाऊ नये, तर मालकाकडून नोंदलेले नाव आणि गाव मागवून ते यादीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नावापुढे ‘ए’ हा दर्जा आणि ‘स्किल्ड वर्कर’ हा मार्ग, ही दोन्ही असली पाहिजेत.

मालक लहान आहे एवढ्यावरून कचरण्याचे कारण नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे परवान्याच्या अर्जासाठी मोठ्या कंपनीस 1,579 पौंड, तर लहान धंद्यास 574 पौंडच भरावे लागत, आणि परदेशी कामगारामागे द्यावयाचा वार्षिक कौशल्य-आकारही त्याला कमी पडतो. खरी अडचण दफ्तराची. मोठ्या कंपनीत ज्यासाठी स्वतंत्र खाते असते, ते काम येथे मालक किंवा त्याचा हिशेबनीस इतर व्याप सांभाळून करतो; कामगाराचा पत्ता, रजा, पगाराच्या पावत्या नीट ठेवावयाच्या, आणि तो ठरल्याप्रमाणे रुजू झाला नाही किंवा त्याचे वेतन उतरले, तर कामकाजाच्या 10 दिवसांच्या आत सरकारास कळवावयाचे. यात कसूर होऊन परवाना रद्द झाला, तर कामगार निर्दोष असला तरी त्याच्या व्हिसाची मुदत सामान्यतः 60 दिवसांवर येते, आणि तेवढ्या अवधीत दुसरा परवानाधारक मालक गाठणे किंवा देश सोडणे, एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणून ‘आपल्याकडे हे कागदपत्र कोण पाहतात?’ हा प्रश्न मुलाखतीतच अदबीने, पण संकोच न धरता विचारावा. ज्या मालकाला त्याचा राग येतो, त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

वेतनाचा नियमही आता कडक झाला आहे. 22 जुलै 2025 पासून काम साधारणतः पदवीच्या तोडीचे, आणि वेतन वर्षाला 41,700 पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरावीक दर, यांपैकी जे अधिक ते, असावे लागते. नवोदितांना काही सूट आहे. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परदेशातून होणारी नवी भरती तर त्याच दिवसापासून बंद आहे, तेव्हा त्या जागेचे आमिष दाखवणाऱ्यास दारातूनच वाटेस लावावे.

पैशाचे म्हणाल तर, ज्या ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’साठी आपल्याकडे लाखांची बोली लागते, ते भिंतीवर लावण्याजोगे प्रमाणपत्र नसून सरकारी यंत्रणेतली एक नोंद आणि तिचा क्रमांक आहे; तिचे शुल्क आणि परवान्याचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. व्हिसाचे शुल्क आणि दरसालचा 1,035 पौंडांचा आरोग्य-अधिभार मात्र, मालकाने आपणहून उचलला नाही, तर अर्जदारासच सोसावा लागतो. मध्ये एजंट असेल, तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची भारत सरकारकडे नोंदणी झालेली आहे काय, हे पाहावे. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे, तेथे चौकशी करण्यास संकोच नसावा.

सर्टिफिकेटचा हा क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज गेला पाहिजे. इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोग नसल्याचा मान्यताप्राप्त दवाखान्याचा दाखला यांतच पुष्कळ दिवस मोडतात, तेव्हा त्या दोहोंची तजवीज, मालक आपले कागद जुळवीत असतानाच करून ठेवावी.